उरलेली तीन अक्षरं

१९५७ च्या उन्हाळ्यात मी पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. पहिली शिफ्ट सुटली की साडेतीन ते साडेचार मी कामगारांना इंग्रजी शिकवत असे. समाजसेवा वगैरे लोक नंतर म्हणाले. खरं कारण असं की कारखान्यातल्या सगळ्या पाट्या इंग्रजीत होत्या, आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी माझ्या खिडकीशी येऊन "मास्तर, हितं काय लिवलंय?" विचारायचं. त्या कटकटीला कंटाळून मी वर्ग काढला.

वर्ग रिकाम्या खोक्यांच्या शेडमध्ये भरायचा. वर तापलेला पत्रा, बसायला खोकी, माणशी एक दगडी पाटी.

माझी एक युक्ती होती. अख्खं स्पेलिंग पाठ करायला या लोकांना जन्म गेला असता. म्हणून मी शब्दाची पहिली दोन अक्षरं पाठ करून घ्यायचो आणि पुढची नुसती मोजायला लावायचो. डब्ल्यू, ए, एकूण पाच : वॉटर, पाणी. डी, ए, एकूण सहा : डेंजर, लांब राहा. पंधरा दिवसांत सगळे धडाधड पाट्या वाचू लागले आणि मी स्वतःवर भलताच खूश झालो.

मुलामा खात्यातला भैरू तळवड्याहून चालत यायचा. इंग्रजी ए काढताना मधली आडवी रेघ हमखास विसरायचा. त्याने एकदा विचारलं, "मास्तर, मंग उरलेली तीन अक्षरं कशापायी असत्यात?"

"असतात. तुला काय करायचीत?"

वर्ग हसला. तोही हसला.

मे महिन्यात त्याच्या खात्यात दोन नवी पिंपं आली. एकात प्यायचं पाणी. दुसऱ्यात मुलाम्याच्या हौदातलं विषारी पाणी, दिसायला तितकंच नितळ. दोन्हींना सारखेच नळ. दुसऱ्यावर रंगाऱ्याने 'वेस्ट', म्हणजे टाकाऊ, असं लिहिलं होतं. डब्ल्यू, ए, एकूण पाच. भैरूला बोटाने अक्षरं मोजताना दोघांनी पाहिलं. मग त्याने पेला भरला.

चौकशीत साहेबांनी मला एकच गोष्ट विचारली. "त्याला वाचता येत होतं?"

"हो," मी म्हणालो.

म्हणजे चूक त्याचीच ठरली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जेवत होतो, झोपत होतो, खिळ्यांचे हिशेब लावत होतो. आत काहीच हलत नव्हतं.

तो गेल्याच्या चौथ्या दिवशी शेडचं कुलूप काढलं, तर भैरूच्या पाटीवर एक शब्द होता. वॅगन. मी पुसला. दुसऱ्या दिवशी वॉच. तिसऱ्या दिवशी वेफर, जो मलाही डिक्शनरीत बघावा लागला. सगळे डब्ल्यू-ए ने सुरू होणारे, सगळे पाच अक्षरी. यातला एकही मी शिकवला नव्हता. पहिली दोन अक्षरं पुसट असायची. उरलेली तीन मात्र पुन्हापुन्हा गिरवलेली, पाटीवर ओरखडे उठेपर्यंत.

"ये भैरूका हाथ है," फिटर चांदभाई हलक्या आवाजात म्हणाला. त्याने ए वर बोट ठेवलं. आडवी रेघ नव्हती.

"कोणीतरी चेष्टा करतंय."

"किल्ली तो आपके पास है ना, मास्तर?"

दुसऱ्या दिवसापासून चांदभाई आला नाही. आठवड्यात बाकीचेही यायचे थांबले. मी मात्र साडेतीनला शेड उघडत राहिलो.

मग एका दुपारी भैरूची बायको आली. मंजुळाबाई. हातात रिकामा पितळी तांब्या.

"त्ये रोज येत्यात," ती म्हणाली. "शिफ्ट सुटायच्या वक्ताला. पानी मागत्यात. तांब्या दिला तर फिरवून फिरवून बघत्यात आन् खाली ठिवत्यात. लिवलेलं न्हाई म्हनत्यात."

तिने तांब्या माझ्यापुढे धरला.

"तुमी लिवून द्या, मास्तर. मला आक्षरवळख न्हाई. लई तहानल्यात वो."

माझ्यामुळे गेला, एवढंच तिला सांगायचं होतं. त्याऐवजी खोक्यांवर नंबर घालायचा पांढरा रंग काढला, ब्रश घेतला आणि एकेक अक्षर मोठ्याने म्हणत तांब्यावर लिहिलं. डब्ल्यू, ए, टी, ई, आर. हेच म्हणालो. याबद्दल मला शंका नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्याच वेळेला परत आली. तांब्या काठोकाठ भरलेला होता.

"प्याला?"

"न्हाई. पाची अक्षरं वाचली त्येंनी. लई येळ वाचत व्हते." तिने तांब्या माझ्यासमोरच्या खोक्यावर ठेवला. "मंग म्हनले, ह्ये मास्तरचं हाय. मास्तरला पाजून ये."

पाणी नितळ होतं. शेडमध्ये पत्र्याचा कडकड आवाज येत होता. मलाही तहान लागली होती.

"घ्या," ती म्हणाली, आणि पदर सावरून उभी राहिली.

रंग वाळला होता. हस्ताक्षर माझंच. डब्ल्यू होता. ए होता, पण त्याला मधली आडवी रेघ नव्हती. पुढची अक्षरं मी बोटाने मोजली. एकूण पाच भरली.

उरलेली तीन मी वाचली नाहीत. तांब्या उचलला.