चुकलं की... च्च

"मावशी, हे वाजवताना कोणी मेलंय का?"

हा प्रश्न माझा नाही. माझ्या वर्गातल्या तीन थोर मैत्रिणींचा आहे. त्यांनी पैज लावली होती. व्हायोलिनच्या दुकानात जायचं, सगळ्यात जुन्या व्हायोलिनकडे बोट दाखवायचं आणि न हसता हे विचारायचं.

मी विचारलं. न हसता. मागच्या वर्षीपर्यंत दुकानात साधी पिशवी मागायलाही मी आईला पुढे करायचे, तेव्हा याचं श्रेय मला द्याच.

मावशी म्हणजे त्या दुकानात व्हायोलिनं बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या बाई. व्हायोलिन ज्याने वाजवतात त्या गजाला लावायची राळ असते ना, तिची पांढरी पूड कायम त्यांच्या बाहीवर. म्हणून सगळे त्यांना राळमावशी म्हणतात. मला वाटलं, आता ओरडतील.

त्यांनी हातातली कानस खाली ठेवली.

"वाजवताना... नाही," त्या म्हणाल्या.

आणि पुन्हा कानस उचलली.

मी बाहेर येऊन मैत्रिणींना सांगितलं, गिऱ्हाईक पटवायची काय भारी युक्ती आहे बघा. आम्ही खूप हसलो.

आता नीट ऐका. हे खरं घडलंय. माझ्या घरी, आमच्या हॉलमध्ये, याच महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी. रात्री नाही. दुपारी सव्वाचारला. लाइट गेले नव्हते, कुत्री रडत नव्हती, खाली कोणीतरी गाडी धूत होतं. ज्यांना भुताच्या गोष्टीत मोकळे केस आणि करकरणारं दार लागतं, त्यांनी दुसरी गोष्ट शोधावी.

माझं जुनं लहान मापाचं व्हायोलिन मला पुरेनासं झालं होतं. पूर्ण मापाचं घ्यायचं होतं आणि तेही लगेच, कारण तीन आठवड्यांनी शहराच्या युवा वाद्यवृंदाची निवड होती. गेल्या वर्षी त्या निवडीत मी दोन मिनिटांत बाहेर पडले होते.  या वर्षी मला पहिल्या रांगेत बसायचं होतं. मागच्या रांगेत नाही, मधल्या नाही. पहिल्या.

दुकानाची एक पद्धत आहे. दोन वाद्यं आठ दिवस घरी न्यायची, दोन्ही वाजवायची, एक परत करायचं.

एक नवीन होतं. राळमावशींनी स्वतः बनवलेलं, मधासारखं चकचकीत.

दुसरं जुनं. किती जुनं ते कोणालाच माहीत नव्हतं. जवळजवळ काळं. हनुवटी टेकते तिथलं पॉलिश पार उडालेलं. कोणीतरी वर्षानुवर्षं तिथे मान टेकवली असणार.

घरात आल्या आल्या सगळे त्या जुन्याच्या पायाशी लोळण घेऊन मोकळे झाले. माझे व्हायोलिनचे सर म्हणाले, जुन्या लाकडात आवाज मुरलेला असतो. मामाला दाराची बेल आणि फोनची रिंग यातला फरक कळत नाही. तो म्हणाला, लाकूड श्वास घेतं. बाबांनी एका संध्याकाळी चार व्हिडिओ बघितले आणि ते तज्ज्ञ झाले. नव्याकडे सगळे असे बघायचे, जसे पाहुणे माझ्या चित्रांकडे बघतात. छान आहे हं.

मला तर हसूच येत होतं. एखादी वस्तू नुसती पडून पडून म्हातारी झाली, यात तिचं काय कर्तृत्व?

पहिल्याच संध्याकाळी मी माझ्या खोलीत ते जुनं हातात घेतलं. निवडीचा तुकडा सुरू केला. दोन पानांचा आहे. तिसऱ्याच ओळीत एक सूर जरा खाली लागला...

च्च.

जीभ टाळ्याला लावून काढतात ना, तसा आवाज. "काय ही मुलगी" असं म्हणायचा कंटाळा आला की माणसं काढतात तसा.

मला वाटलं, आई. मी ओरडले, की मला माहितीये चुकलं ते.



आई अजून ऑफिसमधून आलीच नव्हती.

मी पुन्हा वाजवलं. मुद्दाम, तोच सूर खाली लावून...

च्च.

आवाज माझ्या मागून येत होता. मागे भिंत आहे. भिंतीला टेकून माझं दप्तर.

नवीन घेतलं. तोच सूर, तसाच खाली. काही नाही. चार वेळा चुकवला. काही नाही.

घाबरले असं वाटलं तुम्हाला? मला राग आला. कोण आहे हा दीडशहाणा?

सरांना विचारलं. ते म्हणाले, व्हायोलिनच्या पोटात एक बारीक लाकडी खुंटी उभी असते, ती सैल झाली असेल. त्यांनी छोटा आरसा घालून बघितलं. खुंटी घट्ट होती. मग त्यांनी स्वतः वाजवलं. एकही च्च नाही. सर चुकत नाहीत. हे मला तेव्हा सुचलं नाही.

मग मी फोनवर रेकॉर्ड केलं. त्यात च्च ऐकू आलं नाही.

पण चुकलेला सूरही ऐकू आला नाही.

तेवढ्या जागी... नुसती शांतता. जणू कोणी तो सूर चिमटीत धरून उचलून टाकला होता.

पहिल्या दिवशी एकेचाळीस वेळा च्च झालं. मी मोजत होते. दुसऱ्या दिवशी तीस. पाचव्या दिवशी नऊ. कबूल करायला जिवावर येतंय, पण मी सुधारत होते. कोणीतरी इतकं तुच्छ लेखत असेल, तर त्याला दाखवून द्यावंसं वाटतंच. सरांनी पाचव्या दिवशी ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, हे वाद्य सोडू नकोस, पहिली रांग तुझी.

पण सहाव्या दिवशी मी शाळेत फळ्यावर गणित सोडवत होते. एक आकडा चुकला आणि मी दचकून मागे बघितलं. पूर्ण वर्ग माझ्याकडे बघत होता. कोणी काही बोललं नव्हतं.

घरी येऊन मी राळमावशींना फोन लावला.

मी म्हटलं, वाजवताना नाही, तर मग कधी?

त्यांनी कानस खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "ऐकताना."

ते व्हायोलिन एका शिकवणाऱ्या बाईंचं होतं. बाई फार नावाजलेल्या आणि फार तिखट. त्यांची एक पद्धत होती. विद्यार्थ्याचा चेहरा बघितला की दया येते म्हणायच्या. म्हणून खुर्ची खिडकीकडे फिरवायच्या आणि विद्यार्थ्याकडे पाठ करून बसायच्या. स्वतःचं व्हायोलिन विद्यार्थ्याच्या हातात. बोलायच्या नाहीत. चूक झाली की फक्त च्च. दोन-दोन वर्षं शिकून कोणाला बाईंकडून दुसरा शब्द मिळाला नव्हता.

एक दिवस एका मुलीने वाजवायला सुरुवात केली आणि एकही च्च आलं नाही. एक पान झालं. दोन पानं झाली. मुलीचा आनंद गगनात मावेना. तिने सगळे तुकडे वाजवले. येत होते ते सगळे. पूर्ण तास.

"बाई पहिल्या पानावरच गेल्या होत्या," राळमावशी म्हणाल्या.

मी म्हटलं, एक तास? काय मुलगी होती. एकदा पुढे जाऊन बघता आलं नाही तिला?

"नाही आलं मला," त्या म्हणाल्या.



त्या दिवसानंतर त्यांनी कधी वाजवलं नाही. फक्त बनवतात. ते जुनं दुकानात का ठेवलं, विचारलं मी. त्या म्हणाल्या, ऐकवत नाही आणि मोडवतही नाही.

आला तो शनिवार. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत एक व्हायोलिन परत द्यायचं होतं. मामाने फोनवरून फर्मान काढलं, की आईबाबांनी न बघता निवडायचं. पाठ करून बसायचं, आधी एक ऐकायचं, मग दुसरं, आणि आकडा सांगायचा. आईबाबांना ते फारच शास्त्रीय वाटलं. जेवायच्या टेबलाच्या दोन खुर्च्या त्यांनी उचलल्या आणि हॉलच्या खिडकीशी नेल्या. खिडकीकडे तोंड. माझ्याकडे पाठ.

मला तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. पण राळमावशींचं मी आईबाबांना सांगितलं नव्हतं. भूतबीत म्हणाले असते तर वर्षभर जेवताना चेष्टा झाली असती.

आधी नवीन वाजवलं. बरं झालं. चार-पाच चुका.

मग जुनं उचललं.

पहिली ओळ. शांत.

तिसरी ओळ, तो सूर... बरोबर लागला. शांत.

पहिलं पान संपलं. एकही च्च नाही.

मी मनात म्हटलं, आता बोल की, म्हातारे. जीभ गिळलीस? इतका मोठा, इतका गोल आवाज मी आयुष्यात काढला नव्हता. मला निवडीची पहिली रांग दिसत होती. माझी खुर्ची दिसत होती.

दुसऱ्या पानावर गेले आणि...

एकही च्च नाही.

एकही नाही?

मी समोर बघितलं.

बाबांना बसल्या बसल्या पाय हलवायची सवय आहे. आई त्यावरून रोज बोलते.

पाय हलत नव्हता.

आईची मान एका बाजूला झुकली होती.

खाली गाडी धुणाऱ्याचा आवाज बंद झाला होता. पडदा हलत नव्हता.

मला सगळं कळलं होतं. लगेच कळलं होतं. आणि तरी...

माझा हात थांबला नाही.

चांगलं चाललं होतं ना. ओळ संपेपर्यंत, मी म्हटलं. फक्त ओळ. ओळ संपली आणि मी पुढची सुरू केली. राळमावशींना मी फोनवर काय म्हणाले होते ते आठवत होतं, आणि मी वाजवत होते.

शेवटी गज हातातून सुटला. खाली पडला, तो आवाज मी ऐकला.

मी धावले. बाबांचा खांदा धरून हलवला. खांदा गार होता. उन्हात, खिडकीशी बसलेल्या माणसाचा खांदा, गार.

बाबा दचकून उठले. मग आईही. दोघं डोळे चोळत होते.

"पहिलं छान होतं हं," बाबा म्हणाले. "आता दुसरं वाजव."

मी आईकडे बघितलं. तीही वाट बघत होती. दोन पानं त्यांच्या कानापासून पाच पावलांवर मी वाजवली होती, आणि दोघांपैकी एकानेही एक सूर ऐकला नव्हता. त्यांना झोप लागली होती म्हणे. दोघांना. एकदम. व्हायोलिनच्या आवाजात.

आणि मग आई म्हणाली, ही मधली खुर्ची कशाला आणलीत?

बाबा म्हणाले, मी नाही आणली.

मीही नव्हती आणली.

त्या दोघांच्या मधोमध तिसरी खुर्ची होती. रिकामी. खिडकीकडे तोंड करून.

ते जुनं आता दुकानात आहे. राळमावशींनी काही न विचारता घेतलं, पुसलं आणि काचेमागे ठेवलं. निवड चार दिवसांवर आली आहे आणि सर माझ्याशी धड बोलत नाहीत. मैत्रिणी विचारतात, मग, मेलं होतं का कोणी? मी म्हणते, तुमची अक्कल. नव्यावर मी रोज वाजवते, रोज चुकते आणि चुकले की थांबून कान देते. काहीच येत नाही. खरं सांगू? तेव्हा जरा जास्तच भीती वाटते. काहीच आलं नाही, की मी आधी जाऊन घरातले सगळे श्वास घेतायत का बघून येते.

पण त्या शनिवारी, सव्वाचारला, मी एवढंच केलं. ती मधली खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि फिरवली. तोंड माझ्याकडे. जड होती. रिकाम्या खुर्चीपेक्षा बरीच जड.

मग आईबाबांना सांगितलं, "नवीन घ्यायचं. पहिली रांग मिळो न मिळो. आणि मी वाजवत असताना या घरात माझ्याकडे पाठ करून बसायचं नाही. कोणीच नाही."