हात वर केला की थांबायचं

दातांची सफाई करून घ्यायला मी डिचोलीला गेले होते. मंगळवार, दुपारचे तीन. धारगळहून म्हापसा आणि म्हापशाहून डिचोली, अशा दोन बसगाड्या. दात साफ करायला एवढ्या लांब कशाला, असं तुमच्या मनात येईल. सांगते.

माझ्या हृदयाची एक झडप निकामी झाली आहे. येत्या सोमवारी ती बदलायची आहे. दातांत घाण असली तर तिथले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतात, म्हणून दातांच्या डॉक्टरचा दाखला असल्याशिवाय हृदयाचे डॉक्टर सुरीला हात लावत नाहीत. दाखला नाही तर ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन नाही तर सहा महिनेही नाहीत, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मला तसंच सांगितलेलं चालतं. बत्तीस वर्षं बातमीदारी केली, लोकांना मीही तसंच विचारत आले.

पण दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीवरून मी दोनदा पळाले होते. दुखतं म्हणून नव्हे, आवाज सोसत नाही म्हणून. मशीनची ती बारीक किंकाळी सुरू झाली की हातापायांना घाम सुटतो आणि मी उठते. म्हापशाचा डॉक्टर हसला. "मंत्र्यांना धारेवर धरता आणि ह्या एवढ्याशा मशीनला घाबरता?" त्याच्या नर्सही हसल्या. लंगडणाऱ्या माणसाला ही माणसं हसणार नाहीत. पण आवाज सोसत नाही म्हटलं की सगळ्यांना ते नखरे वाटतात. मी त्याला तिथंच दोन शब्द सुनावले आणि दाखल्याशिवाय घरी आले.

म्हणून डिचोली. बाजारातल्या एका बेकरीच्या माडीवर डॉ. क्षमाचा दवाखाना आहे. जिन्यात भाजत्या पावाचा वास, वर लवंगतेलाचा. क्षमा तिशीची, शांत बोलणारी. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि हसली नाही.

"महिन्याला पाच-सहा जण येतात असे," ती म्हणाली. "तुम्ही एकट्या नाही, मॅडम."

"परवा एक पोलीस इल्लो," तिची मदतनीस रेश्मा हत्यारं मांडता मांडता म्हणाली. ही मुलगी पाळी गावची. "एवढ्या मिशा! मशीन चालू केल्याबरोबर 'आवय गे' करून उठून बसलो."

मी हसले. अशा खुर्चीवर पहिल्यांदाच.

क्षमाने नियम समजावले. कानात मऊ बोळे घालायचे. मशीन आधी बोटावर लावून दाखवायचं, आवाज ओळखीचा व्हावा म्हणून. मग दहा आकडे मोजेपर्यंतच चालवायचं, थांबायचं, पुन्हा दहा.

"आणि सगळ्यात मोठा नियम," ती म्हणाली. "डावा हात वर केलात की मी थांबणार. का म्हणून विचारणार नाही. तो हात म्हणजे हुकूम."

मी मान हलवली. पण तो नियम ऐकून मला बरं वाटलं नाही. का, ते तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नाही.

कानात बोळे घातले की बाहेरचं जग लांब जातं. बाजार गेला, पंखा गेला. उरला तो आपल्याच आतला आवाज. मशीन दाताला लागलं आणि मला कळलं की हा आवाज कानातून येतच नाही. तो दातातून जबड्यात जातो, जबड्यातून कवटीत. त्याला बोळा कुठे घालणार? मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि मोजू लागले. एक, दोन, तीन...

सहाव्या आकड्याला क्षमा थांबली. तिने माझ्या एका कानातला बोळा काढला. "बरं वाटत नाही?"

"का थांबलात?"

"हात वर केलात ना."

मी दोन्ही हातांकडे पाहिलं. बोटं खुर्चीवर पांढरी पडली होती. आपसूक उचलला गेला असेल, असं म्हणून मी पुन्हा आडवी झाले.

दुसऱ्या वेळी ती चौथ्या आकड्याला थांबली. ह्या वेळी बोळे कानातच होते, आणि मशीन बंद झाल्यावर त्या पोकळ शांततेत मला काहीतरी ऐकू आलं. टक. टक. टक. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा टक, टक, टक. खालच्या दाढांतून येत होतं. मला वाटलं, माझं बिघडलेलं हृदयच. पण हृदय तीन ठोके मारून विसावा घेत नाही.

"मॅडम, असं सारखं हात वर केलात तर आज संपणार नाही," क्षमा बोळा काढून म्हणाली. तिच्या आवाजात थोडी चीड होती. "रेश्मा, तू त्यांचा डावा हात धरून बस बघू."

रेश्मा स्टूल ओढून बसली. माझा हात तिने दोन्ही हातांत घेतला. मशीन सुरू झालं. एक, दोन...

बंद.

"रेश्मा, हात धर म्हटलं ना!"

"धरलाच आसा, डॉक्टर," रेश्मा हळू म्हणाली. "मघापासून धरलाच आसा... सोडूंक ना."

क्षमा खुर्चीच्या डाव्या बाजूला, रेश्माच्याही पलीकडे बघत होती. मी तिच्या डोळ्यांत बघत होते. आम्ही दोघींनीही मान वळवली नाही.

"मग तो हात..." ती म्हणाली.

आणि माझ्या दाढांत कुणीतरी लोखंडावर लोखंड मारत होतं. तीन, विसावा. तीन, विसावा.

आता ते सांगते, जे मी चौदा वर्षं कुठेही लिहिलेलं नाही.

पाळीच्या बाजूला एक खाण होती. नाव घेत नाही. खाणीच्या तळाशी पावसाचं पाणी साठतं, ते उपसायला रात्रंदिवस पंप चालवावा लागतो. तो पंप बेळगावकडचा दादू नावाचा कामगार सांभाळायचा. एका सकाळी वरचा मातीचा डोंगर सुटला आणि पंपासकट दादूवर येऊन बसला. मी दहापर्यंत तिथं पोचले. तीन पोकलेन माती उपसत होते. त्या लाल चिखलातून पंपाचा लोखंडी पाइप तेवढा वर आला होता.

असं काही झालं की एक रीत असते. मुकादम हात वर करतो. हात वर झाला की सगळी मशिनं बंद, माणसंही गप्प. मग कान द्यायचा. खाली कुणी जिवंत असेल तर ठोकेल, ओरडेल. हात खाली आला की मशिनं पुन्हा सुरू. कृष्णनाथ नावाचा मुकादम होता. त्याने पाइपला कान लावला आणि डावा हात वर केला. तीस-चाळीस माणसं श्वास धरून उभी होती. एवढी शांतता मी त्या खाणीत कधी ऐकली नव्हती.

तेवढ्यात माझा फोन वाजला.

पिशवीत हात घालून मी तो दाबला. कुणी बघितलं नाही. कृष्णनाथ म्हणाला, "काहीतरी वाजलं." इंजिनियर म्हणाला, "अरे, फोन होता कुणाचा तरी." कृष्णनाथ क्षणभर तसाच राहिला. मग त्याचा हात खाली आला, आणि तिन्ही पोकलेन गरजले. मी बाजूला जाऊन ऑफिसला फोन लावला. विचारलं, काय काम होतं? ते म्हणाले, पहिल्या पानावर जागा ठेवू का? मी म्हटलं, ठेवा.

दादू दोन दिवसांनी सापडला. हातात पाना होता. पाइपवर ठोकल्याच्या खुणा होत्या. निदान चार तास जिवंत होता, असं डॉक्टर म्हणाले.

त्यावर मी सहा बातम्या लिहिल्या. कंपनीला झोडपलं, खाण खात्याला झोडपलं. मुकादमाने हात लवकर खाली घेतला, हेही मीच लिहिलं. कृष्णनाथची नोकरी गेली. वास्कोला बंदरात हमालीला लागला म्हणे, पुढचं मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही. आणि दादूची बायको सोनाबाई माझ्याकडे आली होती. तिने एवढंच विचारलं, "ताई, मशिनं बंद होती तवा फोन कुणाचा वाजला? समदे म्हणत्यात वाजला."

मी म्हटलं, "माहीत नाही."

लोकांच्या खोटेपणावर मी आयुष्यभर पोट भरलं. माझं खोटं हे एवढंच होतं.

तर, दवाखान्यात.

"आज राहू दे," क्षमा म्हणाली. तिने मशीन जागेवर अडकवलं. "पुढच्या आठवड्यात या."

"पुढच्या आठवड्यात नाही. सोमवारी ऑपरेशन आहे. मला दाखला पाहिजे."

"पण मॅडम, हात..."

"खाली आला?"

तिने नकारार्थी मान हलवली. रेश्मा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. तोंडातलं रक्ताचं पाणी मी गिळलं, कानातले बोळे काढले आणि त्या रिकाम्या जागेकडे न बघता म्हणाले, "फोन माझा होता."

"कसलो फोन?" रेश्माने विचारलं.

"माझा होता. मी खोटं बोलले. कृष्णनाथची काही चूक नव्हती."

ठोके थांबले. क्षमाने मोठा श्वास सोडला. "गेला..." ती म्हणाली, आणि मग, स्वतःला समजावल्यासारखी, "लाइटची सावली असेल. रेश्मा, ते जनेल ओढून घे. मॅडम, आता दहा-दहा मोजत नाही. एका दमात संपवते. नको वाटलं तर हात आहेच."

मला हलकं वाटत होतं. मीच बोळे परत घातले, मीच तोंड उघडलं. मशीन सुरू झालं. आणि मग मला आठवलं की हात खाली आल्यावर काय होतं.

हात खाली आला म्हणजे ऐकणं संपलं.

तो आवाज दातातून आत शिरला आणि पसरला. ती किंकाळी राहिली नाही, ती गरजू लागली. एकावर एक, तीन. मला श्वास मिळेना. नाकाला ओल्या मातीचा, डिझेलचा वास आला. मी डावा हात उचलला. तो उचलला गेला नाही. रेश्माने धरलेला नव्हता, ती खिडकीपाशी उभी होती. कुणीच धरलेला नव्हता. पण त्याच्यावर वजन होतं, थंड, ओलं, आणि ते क्षणाक्षणाला वाढत होतं. उजव्या हातावर तसंच. छातीवर तसंच. ओरडायला गेले तर तोंडात हत्यारं. क्षमाचे डोळे माझ्या दातांवर, कपाळावरचा तो दिवा माझ्या डोळ्यांत. हलत होती ती फक्त एक टाच. मी ती खुर्चीच्या लोखंडी पायरीवर आपटली. तीनदा. थांबले. पुन्हा तीनदा. कुणीतरी ऐका. पुन्हा तीनदा. किती वेळ, मला सांगता येणार नाही.

मग दिवा विझला आणि कानातले बोळे निघाले.

"बघा!" क्षमा म्हणाली. मास्क काढून ती खरोखर आनंदाने हसत होती. "पूर्ण बारा मिनिटं, आणि एकदाही हात वर केला नाहीत. कशाला घाबरत होता उगीच?"

हात मोकळे झाले होते. मी मुठी मिटून उघडून पाहिल्या. तिने टेबलाशी बसून दाखला लिहिला, शिक्का मारला आणि माझ्या हातात दिला.

"मधे एकदा मात्र मला ठक ठक असं काहीतरी ऐकू आलं," ती म्हणाली. "मशीन बंद करून कानही दिला. पण तेवढ्यात तुमचा फोन वाजला. म्हटलं, तोच असणार. मग पुढे चालू केलं."

"माझा?"

"पर्समधे वाजलो मगे, मॅडम," रेश्मा म्हणाली. "पयल्या फोनांची घंटी आसायची ना, तशी. दोनदा वाजलो, मगे कोणी तरी दाबल्यासारखो बंद झालो."

सोनाबाईला मी खोटं सांगितलं, त्याच संध्याकाळी तो फोन मी साखळी गावच्या पुलावरून नदीत टाकला होता. त्यानंतर चौदा वर्षांत माझ्या कुठल्याच फोनला मी घंटी ठेवलेली नाही.