रिकाम्या खोलीचं माप

नवा टीव्ही भिंतीवर चढला तेव्हा त्याच्या आजूबाजूला जेमतेम वीतभर भिंत उरली. फोटो पाहून दादाचा लगेच फोन आला.

"टीव्ही घेतलास की थिएटर? आणि दोघींच्या घरात एवढे भोंगे कशाला?"

"आईला ऐकू यावं म्हणून," धाकटी म्हणाली.

"तिचे कान तर तूच तपासलेस. ठणठणीत आहेत म्हणालीस."

तेच तर अवघड होतं. लोकांचे कान तपासणं हे धाकटीचं रोजचं काम. बंद खोलीत हेडफोन लावून ती त्यांना बारीकात बारीक आवाज ऐकवायची, आणि आईने त्यातला एकही सोडला नव्हता. पण बाबा गेल्यापासून घरात हाक मारली की आई कितीतरी वेळाने मान वळवायची, तीही परक्या माणसाकडे बघावं तशी. ताटातलं जेवण ताटातच राहायचं. एक माणूस गेलंच होतं. दुसरं डोळ्यांदेखत विरत चाललं होतं. बाबांबरोबर बघायची ती मालिका तेवढी आई अजून लावायची, पण बघायची नाही. चित्र मोठं असलं, आवाज खोलीभर घुमला, तर कदाचित ती माघारी येईल. एवढ्या आशेवर धाकटीने साठवलेल्यातलं बरंचसं मोडलं होतं.

टीव्ही बसवायला आलेला मेकॅनिक बोलका होता. "ताई, स्पीकर कितीही भारी घ्या, खोलीशी जुळवल्याशिवाय सगळा खर्च पाण्यात." त्याने तिपाईवर छोटा माईक लावला आणि दोघींना बाहेर काढून स्वतःही बाहेर आला. आतून एक लांबलचक शीळ आली. घोगरी सुरू होऊन बारीक होत गेलेली. मग माईकची जागा बदलून पुन्हा तेच. पडदे, गाद्या, माणसं आवाज शोषून घेतात, आणि जिथे तो अडतो तिथे मोबाइलवरच्या नकाशात काळा डाग पडतो, असं त्याने समजावलं.

नकाशा बघून तो वैतागला. "खोली रिकामी ठेवा म्हटलं होतं ना? खुर्चीत कोण होतं?"

"कोणी नाही. आम्ही दोघी इथेच उभ्या आहोत."

खिडकीजवळ बाबांची खुर्ची होती. नकाशात तिच्या जागी माणसाएवढा डाग होता.

"गादी जाड असेल," तो म्हणाला. दोघांनी खुर्ची उचलून बाल्कनीत ठेवली. पुन्हा शीळ. डाग तिथेच, उघड्या फरशीवर. त्याने वायर बदलली, स्पीकरांची अदलाबदल केली, पडदे उतरवले. डाग हलला नाही.

"मशीन आपोआप सांभाळून घेतं," शेवटी तो हत्यारं पिशवीत कोंबत म्हणाला. त्याचा बोलकेपणा संपला होता. "तिकडे आवाज कमी पडतोय, तर तिकडे जास्त सोडेल. तिथे बसणाऱ्याला झकास ऐकू येईल."

गडबडीत तो माईकही विसरून गेला.

त्या संध्याकाळपासून आई हसायला लागली. पहिल्या हाकेला ओ देऊ लागली. दादाला तिने स्वतःहून फोन केला, "चिंगूसपणा सोड आणि तूही घे असला टीव्ही!" धाकटीला वाटलं, पैसे वसूल झाले.

मग बारीकसारीक गोष्टी दिसू लागल्या. धाकटी खुर्ची आत आणायला निघाली तर आई म्हणाली, "राहू दे बाहेर. अडचण होते."

"कोणाला?"

आईने मालिका लावली.

आवाज वाढवला की म्हणायची, "कमी कर गं. एवढा मोठा नाही लागत." जाहिराती लागल्या की खिडकीकडे झुकून, मालिकेत मागे काय घडलं ते हळू आवाजात सांगायची. आणि ताटातलं जेवण पुन्हा उरायला लागलं.

एका सुट्टीच्या दुपारी धाकटीने माईक पुन्हा जोडला आणि आपल्या मोबाइलवर तो नकाशा उघडला. डाग गेलेला तिला एकदा बघायचा होता.

"आई, जरा बाहेर जाऊन बस."

"आत्ता कुठे टेकलेय. घे तुझं माप, मी काही हलत नाही."

बसू दे, धाकटीने ठरवलं. सोफ्यावर आईचा डाग येईल. तो सोडून बाकीचं बघायचं.

ती स्वतः दाराबाहेर जाऊन उभी राहिली. शीळ वाजली. आई मांडीवर हात ठेवून शांत बसली होती.

नकाशात डाग एकच होता. खिडकीजवळचा. आधीपेक्षा रुंद.

सोफा कोरा होता.

तिने पुन्हा माप घेतलं. माईक हलवून पुन्हा. आई जिथे बसली होती तिथून आवाज सरळ मागच्या भिंतीपर्यंत जात होता.

"झालं का गं?" आई म्हणाली. "लाव आता मालिका."

धाकटीने मालिका लावली. मग ती आईच्या मागे सरकून बसली आणि लहानपणी ताप आला की टेकायची तसा तिने आईच्या पाठीला कान लावला. पाठ उबदार होती. दुसरा कान तिने तळव्याने घट्ट दाबून धरला.

पाठीतून संवाद ऐकू आले. स्वच्छ. एकही शब्द दबलेला नव्हता.

तिने कानावरचा हात काढला.

मालिकेत कोणीतरी काहीतरी बोललं आणि आई खुदकन हसली. कानाखालची पाठ हलली नाही. हसू खिडकीजवळून आलं.