ज्वारीची अक्षता

पृथ्वीराज, तो मोबाइलचा दिवा बंद कर. भुताला त्रास होत नाही रे, मला होतो. तुझं तोंड दिसतं. आणि अपेक्षा, चिवड्यातले काजू वेचून झाले असतील तर शेंगदाणे तरी राहू दे म्हाताऱ्याला. हां. गच्चीचं दार ओढून घ्या. आता बसा जवळ.

मी तुम्हाला आजवर पुष्कळ थापा मारल्या. 'लिफ्ट आजपासून फक्त खाली जाईल' ही पाटी मीच लावली होती, आणि अर्धी सोसायटी दोन दिवस जिने चढत होती, हेही कबूल. पण ही थाप नाही. थाप असती तर मी हिला चांगला शेवट लावला असता.

मी पाट्या रंगवायचो, हे तुम्हाला माहीत आहे. सातवीत शाळेनं मला आणि मी शाळेला एकाच दिवशी सोडलं. पण अक्षर मोत्यासारखं. शुद्धलेखन गिऱ्हाइकाचं, अक्षर माझं, असा व्यवहार. आता फ्लेक्स आले आणि माझे ब्रश वाळले. तरी गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास एक मुलगा मला शोधत आला. अभय. पलीकडच्या गल्लीतलाच, हिंजवडीला कंपनीच्या बसनं जायचा. मऊ मुलगा. पृथ्वीराजसारखा नाही, नमस्कार-बिमस्कार करायचा.

"काका, एक झाड रंगवून हवंय."

"आंब्याचं की फणसाचं?"

"वंशावळीचं."

मी म्हटलं, "अरे, फ्लेक्स कर. तासाभरात होईल, आणि कडेला पुढाऱ्याचे फोटोही फुकट टाकतील."

हसला नाही. म्हणाला, "आजोबांना हातानं रंगवलेलं हवंय. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. फार दिवस नाहीत. झाड भिंतीवर लागलेलं बघतो आणि डोळे मिटतो, असं म्हणतात."

आजोबा म्हणजे रावसाहेब. वय नव्वदीच्या पुढं. अभयचे आईवडील तो लहान असतानाच अपघातात गेलेले, तेव्हापासून ह्या म्हाताऱ्यानंच त्याला वाढवला. डबा करून दिला, सायकल शिकवली. मूळचे हडपसरपुढच्या मांजरी गावचे. जमीन विकून कोथरूडला आले, फ्लॅट घेतला. अभयला जगात माणूस एकच. खोटं कसं बोलायचं नाही, हे त्याला ह्याच माणसानं शिकवलं होतं. हे लक्षात ठेवा.

तर झाडाला पानं हवीत, आणि प्रत्येक पानावर नाव आणि गेल्याचं साल. सालं मिळवायला तो पोरगा पंधरवडाभर हिंडला. ह्या कार्यालयातून त्या कार्यालयात. एक कारकून म्हणाला साहेब जेवायला गेलेत, दुसरा म्हणाला साहेब जेवून झोपलेत. जुन्या नोंदी मोडीत, मोडी वाचणारा गावाला. मी त्याला म्हटलं, मेलेली माणसं शोधायला जिवंत माणसांच्या इतकं पाया पडायचं, त्यापेक्षा वर जाऊनच विचारून ये की.

एकेक पान भरत गेलं. शेवटी एकच राहिलं. रावसाहेबांची थोरली बहीण. मालनबाई.

आजोबा आधी म्हणाले, तिचं पान काढूच नको. अभयनं हट्ट धरला. मग म्हणाले, "तापानं गेली. लिही आणि मोकळा हो." साल विचारलं तर भिंतीकडे तोंड करून झोपले.

दिवाळीच्या तोंडावर अभयला नोंद सापडली. उतारा मला फोनवर दाखवायला पळत आला. इतका खूश, जणू बाई गेली नव्हती, जन्मालाच आली होती. मालनबाई, मयत एकोणीसशे एकाहत्तर, आजार ताप, खबर देणार... भाऊ. मी पानावर लिहिलं, 'मालनबाई, १९७१'. झाड पुरं झालं. फक्त रंग वाळायचा होता.

आता ती रात्र. गेल्या वर्षीची भाऊबीज. रविवार, तीन नोव्हेंबर.

अभयची भावकीतली लांबची बहीण रुपाली मांजरीत राहते. ती नवी टॉवरं झालीत ना उसात, त्यातल्या एकात. हा तिच्याकडे ओवाळून घ्यायला गेला. जेवला, बासुंदी दोनदा घेतली. आजोबांजवळ शेजारच्या शैलाताई बसल्या होत्या, म्हणून अकराच्या आधी निघाला. मोठा रस्ता खणलेला. आपल्याकडे रस्ता खणला नाही तर दिवाळी आली हे कळतच नाही. म्हणून स्कूटर कालव्याच्या कडेनं घातली.

एका बाजूला कालवा. दुसऱ्या बाजूला ऊस. लांब कुठंतरी फटाके.

पुढं उसाच्या बांधाला पत्र्याची एक खोली. दारात पणती. आणि अंगणात एक म्हातारी, हातात तबक घेऊन उभी. तबकात निरांजन. तोंड आभाळाकडे. ती आभाळाला ओवाळत होती.

अपेक्षा, तुमच्याकडे विदर्भातही असेल हे. जिला भाऊ नसतो ती बीजेला कुणाला ओवाळते?

"चंद्राला," अपेक्षा म्हणाली.

बरोबर. अभयलाही तेच वाटलं. गरीब बाई, भाऊ नसेल. त्यानं गाडी हळू केली. आणि सहज वर बघितलं.

पोरांनो, बीजेचा चंद्र म्हणजे नखाएवढी कोर. दिवेलागणीला दिसते आणि लगेच मावळते. रात्री अकराला... कुठला चंद्र?

आभाळ काळंकुट्ट. आणि बाई ओवाळत होती.

गाडी बंद पडली नाही. हे मुद्दाम सांगतो. गोष्टीत नेहमी गाडी बंद पडते. ह्यानं स्वतःच थांबवली. का, ते त्याला अजून सांगता येत नाही.

बाई वळली.

"चंद्र कवाच बुडला. म्हनलं, आज बी कोन येत न्हाई," ती म्हणाली. "रावसाहेबाचा नातू न्हवं तू? नाक त्येचंच हाय."

अभयला वाटलं, गावातली कुणी ओळखीची. म्हणाला, "हो आजी. आपण कोण?"

"बस की. पाट मांडलाय."

पाट मांडलेला होता. भोवती रांगोळी. जुनी, पुसट झालेली. एकावर एक, एकावर एक काढलेली... कितीतरी वर्षांची असावी अशी.

तो बसला. नाही म्हणायचं होतं. बसला.

"तुज्याकडं माजा कागद हाय म्हनं. वाच."

"कसला कागद?"

"मी मेल्याचा."

पृथ्वीराज, आता हसायचं असेल तर हस. नाही ना येत? बरं.

अभयनं फोन काढला. उतारा उघडला आणि वाचला. मालनबाई. मयत. एकाहत्तर. ताप.

"खबर कुनी दिली?"

अभयनं फोन पालथा केला.

"वाच."

"भावानं."

म्हातारी हसली. मोठ्यानं नाही. भाकरी करपल्यावर बाई स्वतःशी हसते ना, तसं.

"एकाहत्तरला मी नदीपल्याड सासरी होते. नवरा गेला, म्हनून म्हायेरी आले. कालव्याकडंचा जमिनीचा तुकडा बापानं मला म्हनून ठेवला हुता. चावडीवर गेले तर कोतवाल म्हनतो, बाई, तुमी तर मेलायसा. भाऊ रडत आला हुता सांगाया. रडत!"

तेव्हा असंच असायचं रे. गावात कुणी गेलं की घरच्यानं कोतवालाला तोंडी खबर द्यायची, तो लिहून घ्यायचा. प्रेत कोण बघतंय? आणि सख्खा भाऊ बहिणीच्या मरणाचं खोटं सांगेल, असं कोणाच्या मनात येतंय? बहीण मेली, वारस एकटा. जमीन विकली. फ्लॅट आला. अभयचा डबा, त्याची सायकल, त्याचं शिक्षण... सगळं त्यातनं आलं.

म्हातारी सांगत होती, "लई वाट बगितली. दर बीजेला पाट मांडला. म्हनलं, जमीन घेतली तर घेतली, ओवाळून घ्यायला तरी यील. न्हाई आला. मेलेल्या भनीकडं कोन येतंय? मग चंद्राला ववाळलं."

अभयनं तरी विचारलं. विचारायला नको होतं.

"मग... आजी... तुम्ही गेलात कधी?"

निरांजनाची वात हलली नाही. वारा होता. तरी हलली नाही.

"ते कुनी लिवलंच न्हाई," ती म्हणाली. "एकदा मेलेली लिवलेली बाई पुन्यांदा कशी लिवायची? आनि लिवल्याबिगर... जायाचं कसं?"

फटाकेही थांबले.

मग तिनं तबक उचललं.

"अक्षता ज्वारीच्या हायत. तांदूळ कुठला माज्याकडं."

अंगठा कुंकवात बुडवला. त्याच्या कपाळावर टेकवला. गार. विहिरीच्या तळासारखा गार. वर एक दाणा चिकटवला. ओवाळलं. एकदा. दोनदा...

"हे तुला न्हाई," ती म्हणाली. "त्येला. तुज्या हातनं पोचंल. भनीनं ववाळलं की भावाचं आयुष्य वाढतं. म्हनावं... जग."

अभय उठला.

"म्हनावं, मी हितं हाय तवर... जग."

गाडी कशी चालवली, त्याला माहीत नाही. हडपसर, स्वारगेट, काही आठवत नाही. कोथरूडला दारात आला तेव्हा शैलाताईंनी आतून कडी काढली. त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "काय रे, पांढरा पडलास?"

"कपाळावर काय आहे माझ्या?"

"काही नाही."

आरशात बघितलं. कपाळ स्वच्छ. त्याला हसू आलं. बासुंदी बाधली, असं वाटलं.

मग आजोबांच्या खोलीत गेला.

रावसाहेब उताणे पडलेले. डोळे उघडे. महिन्याभरानं पहिल्यांदाच नजर स्वच्छ. आणि कपाळावर... कुंकू. ओलं. मधोमध एक दाणा.

शैलाताई म्हणाल्या, "अगं बाई! मी आत्ता पाणी पाजलं तेव्हा नव्हतं." घरात तिसरं कोणी नव्हतं.

अभय पलंगाशी बसला. म्हणाला, "आजोबा, मालनआजी कधी गेली?"

"सांगितलं ना. एकाहत्तर."

"खबर कोणी दिली?"

म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. बोट डोळ्यांसमोर धरलं. बराच वेळ बघत राहिला. लाल.

"आली होती?"

"तुम्ही तिला जिवंतपणी... आजोबा, तुम्ही?"

तुम्हाला वाटेल तो रडला असेल. माफी मागितली असेल. नाही रे. म्हणाला, "वाटलं, अडाणी बाई. तिला काय कळतंय."

आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी अभय माझ्याकडे आला. झाड अजून ओलं होतं. म्हणाला, "काका, त्या पानावरचं साल पुसा." मी रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं. नाव ठेवलं. साल काय लिहू, विचारलं. इतक्या वर्षांत मी पुष्कळांची फजिती करून तोंडं पाडली, पण तसं तोंड मी कोणाचं बघितलं नव्हतं. झाड त्यानं नेलंच नाही. माझ्या पोटमाळ्यावर आहे, भिंतीकडे तोंड करून.

मांजरीला उजेडी जाऊन आला तो. पत्र्याची खोली नाही. टॉवरचा पाया खणलेला. रखवालदार म्हणाला, काम सुरू झालं तेव्हा इथं चुलीचे तीन दगड होते, बाकी काही नाही. म्हातारी होती का? असेल बुवा. गेली का? गेलीच असेल. कधी, ते कोणी सांगेना.

तिची खरी नोंद करावी, ती सुटेल, म्हणून अभयनं वर्षभर उंबरे झिजवले. कारकून म्हणाला, "अहो, एका बाईला किती वेळा मारणार? आणि तारीख कुठली घालू?" तोही चुकीचं काय बोलला?

"आणि आजोबा?" पृथ्वीराजनं विचारलं.

आहेत. डॉक्टर म्हणाले होते फार दिवस नाहीत, त्याला वर्ष झालं. अन्न बंद आहे. हाडं मोजून घ्यावीत. डोळे मिटत नाहीत. रोज सकाळी अभयला एकच विचारतात, "झाली का रे तिची नोंद?" अभय पाणी पाजतो, कूस बदलतो. बोलत मात्र नाही त्यांच्याशी. त्या रात्रीपासून एक शब्द नाही.

आठवड्यापूर्वी त्यांना दवाखान्यात हलवलं. अतिदक्षता विभाग. चप्पल बाहेर, डोक्याला टोपी, घरच्यांनी काचेतूनच बघायचं. काल भाऊबीज होती. आज सकाळी तिथली सिस्टर अभयवर ओरडली, "पेशंटला रात्री आत येऊन कुंकू कोणी लावलं?"

तो तिथून थेट माझ्याकडे आला. औषधाच्या पुडीत एक गोष्ट बांधून. माझ्या पुढ्यात ठेवली आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला, "काका, खरं सांगा. हा तुमचा उद्योग नाही ना? तुमचा असेल तर मी पाया पडेन तुमच्या. तुमचाच असू दे."

जन्मभर लोक मला म्हणत आले, कबूल कर, हे तूच केलंस. पहिल्यांदा कोणीतरी हात जोडून तसं म्हणत होतं. आणि मला हो म्हणता येईना.

पृथ्वीराज, लाव आता तुझा दिवा. धर इकडे, माझ्या हातावर.

हा बघ. ज्वारीचा दाणा. सकाळपासून खिशात आहे माझ्या.

हात लावू नकोस, अपेक्षा... कुंकू अजून ओलं आहे.