उंच पाठीची खुर्ची

खुर्ची उलटी करून पारखी बैठकीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

तीन वर्षांपूर्वी याच खोलीत तिने या खुर्चीची किंमत ठरवली होती. एका नामवंत रचनाकाराच्या छोट्या कारखान्यात अशा जेमतेम चाळीस खुर्च्या झाल्या. अस्सल सागवान, पितळी स्क्रू आणि वेताची बैठक. तेव्हा बैठकीच्या कडेने बारीक भोकं होती आणि वेत त्यांतून हाताने ओवलेला होता. आता भोकं नव्हती. यंत्रावर विणलेली तयार जाळी खाचेत दाबून चिकटवली होती.

घर एका निवृत्त शिक्षिकेचं. गणित शिकवायच्या, अजून सगळे त्यांना बाईच म्हणत. खुर्ची त्यांच्या नवऱ्याने घेतलेली. नवरा गेला. आता मुलाला ती विकायची होती, मुलीला ठेवायची होती. भावाला अर्धी किंमत देऊन ती ठेवायला मुलगी तयार होती. म्हणूनच पारखीला बोलावलं होतं.

"दोघांनाही पटेल अशी किंमत सांगा, ताई," मुलगी म्हणाली.

पारखीने सांगितलं, की ही ती खुर्ची नाही. नक्कल आहे.

मग मुलाने बहिणीकडे पाहिलं. घर आणि आई तिच्या ताब्यात. बहिणीने त्याच्याकडे पाहिलं. चार महिन्यांपूर्वी बैठक फाटली, तेव्हा खुर्ची विणायला तोच घेऊन गेला होता. एका ताटात जेवलेली भावंडं, पाच मिनिटांत एकमेकांना चोर ठरवून मोकळी झाली.

मग मुलगा पारखीकडे वळला. "मॅडम, तीन वर्षांपूर्वी तुमचीच पारख चुकली नव्हती कशावरून?"

प्रश्न रास्त होता. त्या अहवालावर तिची सही होती. तिने दोन दिवस मागून घेतले आणि आधी मुलालाच विचारायला सुरुवात केली.

"खुर्ची कुठे दिली होती?"

"वेत विणणाऱ्याकडे. पत्ता तुमच्याच ऑफिसातून मिळाला. आमच्या ताईने फोन करून विचारला होता."

"परत कोणी आणली?"

"टेम्पोने आली. त्यानेच पाठवली असणार."

"नवी दिसली नाही?"

"दिसली. पण पॉलिश, विणकाम सगळंच करून आली म्हटल्यावर नवी दिसणारच ना?"

बाई पलंगावर बसून ऐकत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, की दुरुस्तीहून आल्यापासून ही खुर्ची त्यांना मानवत नाही. टेकलं की वरची पट्टी मान पुढे ढकलते. मुलं म्हणतात, तुझं वय झालं.

पारखीने टेप काढला. जमिनीपासून पाठीच्या वरच्या पट्टीपर्यंत अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर.

बाईंनी कपाटातून जुना अहवाल काढून दिला. छापलेला आकडा अठ्ठ्याहत्तरच होता, पण तो लाल शाईने खोडून वर शहात्तर लिहिलं होतं, शेजारी पारखीची छोटी सही. तिला सगळं आठवलं. माप तिने फोनवर सांगितलं होतं. टायपिस्टने शहात्तरचं अठ्ठ्याहत्तर ऐकलं आणि तिने न वाचताच सही ठोकली. बाईंनी स्वतः मोजून चूक पकडली होती. घरची प्रत आणि विमा कंपनीला जायची प्रत, दोन्ही समोर ठेवून त्यांनी तिच्याकडून दुरुस्ती करून घेतली होती, शाळेतल्या मुलीकडून घ्यावी तशी.

दुसऱ्या दिवशी ती वेत विणणाऱ्याकडे गेली. माणूस आंधळा होता, पण बोटं डोळ्यांहून तेज. ती खुर्ची त्याला चांगली आठवत होती, महिनाभर त्याच्याकडे होती. जुनी भोकं साफ करून त्याने नऊ दिवसांत बैठक हाताने विणली होती. तयार जाळीचं नाव काढताच त्याने तोंड वाकडं केलं.

"खुर्ची न्यायला कोण आलं होतं?"

"टेम्पोवाला. घरच्यांनी पाठवलंय म्हणाला. दुपारी चारला नेली."

मुलीने सांगितलं होतं, की खुर्ची त्याच संध्याकाळी पाचला घरी पोचली. टेम्पो घरच्यांना वाटलं विणणाऱ्याचा, विणणाऱ्याला वाटलं घरच्यांचा.

त्या रात्री पारखी नीट जेवली नाही. सकाळी तिने ऑफिसातली फाईल उघडून पाहिली, आणि मग सरांना बाईंच्या घरी बोलावलं. सर म्हणजे तिचे गुरू. लाकडाचा वास ओळखायला त्यांनी शिकवलं होतं. ऑफिसच्या पाटीवर दोघांची नावं होती.

सरांनी खुर्ची उलटीसुलटी पाहिली. नक्कल आहे, म्हणाले. मग मुलाकडे न बघता म्हणाले, की अशा प्रकरणांत हात बहुधा घरातलाच असतो.

"घरातला नाही, सर," पारखी म्हणाली. "ही नक्कल अस्सल खुर्ची समोर ठेवून केलेली नाही. घरातल्या माणसाने खुर्चीच मोजली असती, शहात्तर भरली असती. विणणाऱ्याकडे तर ती महिनाभर हाताशी होती. त्याने केली असती तर बैठक हाताने विणली असती. ही ज्याने केली त्याला लाकूडकाम येतं, विणकाम येत नाही. आणि त्याने माप घेतलं ते माझ्या अहवालातून. चुकलेलं."

"अहवाल घरात होताच की," सर म्हणाले.

"घरच्या प्रतीत शहात्तर आहे. विम्याच्या प्रतीतही. बाईंनी दुरुस्त करून घेतलं. अठ्ठ्याहत्तर फक्त एका प्रतीत राहिलं, आपल्या ऑफिसच्या. त्या कपाटाच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे आहे. आणि चूक झाली हे मला माहीत होतं, तुम्हाला नव्हतं. खुर्ची विणायला गेल्याचंही ऑफिसात तुम्हालाच ठाऊक होतं. पत्ता तुम्ही दिलात. नक्कल तयार होती. टेम्पो तुम्ही पाठवलात, वाटेत फक्त अदलाबदल करायची होती."

सर खाली बसले. त्या खुर्चीत नाही, पलंगाच्या कडेवर.

"शहात्तर," ते म्हणाले. "मी पडताळलं नाही. तुझी सही होती ना खाली."

मग त्यांनी सांगितलं. विशीत ते त्या कारखान्यात कामाला होते. चाळीसही खुर्च्यांचे हात त्यांनी घासले, सांधे त्यांनी बसवले. खुर्च्यांच्या पाठी दुसरा कारागीर करायचा. नाव एकाचंच लागलं. पुढे जन्मभर लोक त्यांनाच विचारत आले, की याची किंमत किती, आणि ते सांगत आले. विकायची नव्हती त्यांना. घरात हवी होती, एवढंच.

मुलाने गॅलरीत जाऊन पोलिसांना फोन केला. मुलगी आईजवळ जाऊन बसली. भावाची माफी मागायला तिला दोन दिवस लागले. त्याला जरा जास्तच लागले.

अस्सल खुर्ची सरांच्या आतल्या खोलीत सापडली, पांढऱ्या चादरीखाली. तिची किंमत करायला पारखीने नकार दिला. ज्या ऑफिसातल्या माणसाने ती चोरली, त्या ऑफिसाच्या शब्दाला आता काय अर्थ, ती म्हणाली, आणि तिने दुसऱ्या पारख्याचं नाव सुचवलं.

नकलेचा अहवाल मात्र पोलिसांना हवा होता, आणि तो तिलाच करावा लागला. दुपारभर ती त्या खुर्चीपाशी बसली. सांध्यांत कागदाचा तुकडा सरकेना. हातांची गोलाई तळव्याला लोण्यासारखी लागत होती. व्यवहारात नकलेला जळणाचा भाव देतात. रचनाकाराच्या रकान्यात तिने 'नक्कल' असं लिहिलं. कारागिराच्या रकान्यात सरांचं पूर्ण नाव लिहिलं. मग किंमत घातली.

मुलाने तिच्या खांद्यावरून आकडा वाचला.

"नकलेला एवढी?"

"कामाला एवढी," ती म्हणाली, आणि कागद त्याच्या हातात दिला.