खुर्चीच्या पोटातली पांढरी पूड

"कात्री आण! आत्ताच्या आत्ता!" ऋतुजा ओरडली.

"बाबा रागावतील ना!" तिचा धाकटा भाऊ प्रणित दारातच घुटमळला.

"रागावू देत! तासाभरात टेम्पो येईल नि आबांची खुर्ची जाईल. मग त्यांनी झोपायचं कुठे?"

आबा म्हणजे त्यांचे आजोबा. दम्यामुळे त्यांना आडवं झोपता येत नसे. रोह्याच्या घरातली ती गादीची रुंद खुर्ची हाच त्यांचा पलंग. महिन्यापूर्वी गादीच्या दुकानवाल्या आदेशशेठने तिची बैठक नव्याने भरून दिली आणि तेव्हापासून आबांचा खोकला थांबेना. "या बैठकीतच कायतरी हाय," असं आबांनी दहादा सांगितलं. पण ऐकतो कोण! म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणजे कुरकुर, असं मोठ्यांनी ठरवूनच टाकलेलं! त्यात आदेशशेठ म्हणाला, लाकूडच कुजून भुगा पडतोय, खुर्ची मला देऊन टाका, नवा सोफा घ्या. बाबा लगेच तयार!

मामेबहीण किमया सुट्टीला हमरापूरहून आली होती. पेणजवळच्या त्या गावात तिच्या घरी गणपती बनतात. ती खुर्चीखाली वाकली आणि फरशीवरची पांढरी पूड तिने बोटांत चोळली.

"हा लाकडाचा भुगा नाय. हे प्लास्टर हाय!"

"खुर्चीत प्लास्टर?"

"मूर्ती मजबूत व्हावी म्हणून आम्ही प्लास्टरात काथ्या घालतो. पूड लागून वाया गेलेला काथ्या फेकून देतो. खुर्चीत तोच भरला असणार!"

ऋतुजाने कापड टर्रकन कापलं. आत सावरीचा मऊ कापूस असायला हवा होता. तो गायब! वर आले ते पांढऱ्या पुडीने माखलेले काथ्याचे पुंजके. तिघंही शिंकू लागली. ऋतुजाचं डोकंच फिरलं. महिनाभर आबांच्या छातीत ही पूड जात होती!

तेवढ्यात टेम्पो आला. आदेशशेठबरोबर बाबाही आत आले.

"बैठक कोणी फाडली?" बाबा कडाडले.

"पोरांनी वाट लावली बघा!" आदेशशेठ म्हणाला. "आत कोरा काथ्या भरलाय मी! धूळ घरातली हाय."

किमयाने शांतपणे विचारलं, "कोऱ्या काथ्यावर पाणी घातलं तर काय होईल, शेठ?"

"काय व्हायचंय? भिजेल!"

"घट्ट नाय होणार?"

"नाय गो! काथ्या कधी घट्ट होतो?"

किमयाने पुंजके वाटीत झाडले, त्या पुडीत थोडा काथ्या घातला, पाणी घालून कालवलं. "वीस मिनिटं थांबा."

आदेशशेठला एकदम महत्त्वाचं काम आठवलं! पण बाबांना घाबरणारा प्रणित आता दारात ठाण मांडून बसला होता. "चहा घेऊन जा ना, काका!"

वीस मिनिटांनी किमयाने वाटी उपडी करून ठोकली. टक्! पांढरा गोळा फरशीवर पडला, पण फुटला नाही.

आदेशशेठचा चेहरा उतरला. "गणपतीच्या कारखान्यातला फुकट मिळाला... वाटलं, झाडला की चालेल."

"आणि सावरीचा कापूस?" ऋतुजा गरजली.

"दुकानातल्या उशांत भरला."

दुसऱ्या दिवशी त्याच उशा उसवून आदेशशेठ ओटीवर कामाला बसला. आबा बाजूला, नाकाला रुमाल बांधून. "गोणपाट ताण! काथ्या कडेला जास्त भर, मग टाके घाल. कापूस सगळ्यात वर!" नवा काथ्या मोकळा करायला तिन्ही मुलं होतीच. संध्याकाळी आबा आपल्या खुर्चीत बसले.

"शाबास!" बाबांनी ऋतुजाची पाठ थोपटली. "काय लबाडी पकडलीत!"

ऋतुजाने त्यांचा हात झटकला. "शाबासकी किमयाला द्या! आबा महिनाभर सांगत होते, बाबा. तुम्ही एकदा खाली वाकून बघितलंसुद्धा नाही!"

बाबा खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. "चुकलो, आबा."

"चुकलास खराच," आबा म्हणाले. "पण पोरं तुझी हुशार हायत, आणि ही हमरापूरची पोर त्यांच्याहून हुशार हाय."

एवढं लांब वाक्य, आणि मध्ये एकदाही खोकला नाही!