या एकदा आमच्याकडं

त्र्याहत्तर साली कराडकडच्या अकरा शेतकऱ्यांना पॉवर टिलर बघायला थेट टोकियोला धाडलं, त्यात कृष्णात होता. गडी मोठ्या छातीचा, भुताखेतांना हिंग लावून न विचारणारा. निघताना आईनं, हरणाबाईनं, एकच मागितलं. थोरला मुलगा अर्जुना महायुद्धात ब्रह्मदेशी जपान्यांपुढं उभा राहिला तो परतलाच नाही. ना हाड आलं ना राख. कुठं पडला तेवढं इचार रं, म्हणाली. तीस वर्षांनी कोण सांगणार? पण कृष्णातनं अर्जुनाचा वर्दीतला फोटो खिशात घातला.

शेवटच्या दुपारी त्यांना शहराच्या मधोमध एक जुनी बाग दाखवली. झाडांवरून वीस मजली इमारती डोकावत होत्या, पण आत मोटारीचा आवाज म्हणून नाही. ओल्या शेवाळाचा वास. एका बाजूला पांढऱ्या खडीचं अंगण, कुळवलेल्या रानासारखं; मधल्या धोंड्यांभोवती रेघा गोल फिरवलेल्या. एवढी मशागत करून पेरलं काय तर धोंडं, म्हणून कृष्णात हसला. बाकीचे पुढं गेले, तो तंबाखू मळत मागं राहिला.

खडीत एक म्हातारा दाताळं ओढत रेघा काढत होता. तो काठाशी आला. कृष्णातनं त्याला चिमूटभर तंबाखू दिली, मग फोटो दाखवला. म्हातारा बघतच राहिला... मग त्यानं फोटोतल्या छातीवर बोट टेकवलं. भाषा तर येईना. निघताना आपली रीत म्हणून कृष्णात बोलून गेला, "या एकदा आमच्याकडं, पावनं."

म्हातारा कमरेत वाकला. त्याच्यामागं खडीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. लबाड म्हातारा, पुसत पुसत आला असंल, असं म्हणून कृष्णातनं ते सोडून दिलं.

गावी परतल्यावर तिसऱ्या सकाळी आईची हाक आली. सारवलेल्या अंगणात कवाडापासून तिच्या बाजेपर्यंत बारीक रेघा ओढलेल्या. आई डोळे पुसत होती, पण तोंड उजळलेलं.

"पावनं आलं हुतं," ती हळू म्हणाली. "अर्जुना कुठल्या वढ्याकाठी पडला, समदं सांगितलं. त्येच्याच गोळीनं पडला... लय रडला बिचारा."

कोणत्या भाषेत, हे विचारायचं कृष्णातला सुचलं नाही.

"मग... गेला?"

"जाईल कसा? तूच बोलावलंस न्हवं."

आईनं माजघराकडं बोट केलं. रेघा उंबरा ओलांडून आत गेल्या होत्या, आणि कृष्णातच्या अंथरुणाभोवती गोल फिरल्या होत्या. उशीवर जपानात दिलेली तंबाखूची चिमूट होती, अजून ओली.